करटक-दमनक अरबी पद्धतीनं रंगवताना : माझा अनुभव

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ‘अरब 3465’ या क्रमांकाची एक पोथी आहे, ‘कलीला व दिम्ना’ची. काळ 1220 च्या आसपासचा, आणि ती बहुधा सीरियात तयार झालेली. कलीला आणि दिम्ना म्हणजे आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे, आणि हा ग्रंथ म्हणजे पंचतंत्राचं अरबी रूप. ग्रंथालयाच्या गॅलिका या संकेतस्थळावर ही पोथी फुकट बघता येते. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, पंचतंत्रावर तर पुष्कळ काम केलंय. ही पानं नुसती स्क्रीनवर बघून माझं समाधान होईना. चित्र कसं बांधलंय ते हाताला कळावं म्हणून त्यातलं एक, जमेल तितकं त्या काळच्याच साहित्यात, उतरवायचं ठरवलं. कुणाला करून बघायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

चित्र निवडण्याआधी मजकूर समजून घेणं भाग होतं. सहाव्या शतकात इराणचा राजा खुस्रो अनुशिर्वान याच्या दरबारातला वैद्य बुर्झोय यानं पंचतंत्रातल्या या गोष्टी पहलवीत, म्हणजे त्या काळच्या इराणी भाषेत नेल्या. पहलवीतून त्या अरबीत आणल्या इब्न अल-मुकफ्फानं, साधारण 750 च्या सुमारास. त्याच्या प्रस्तावनेतला एक भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. पुस्तकाचे हेतू सांगताना तो म्हणतो, प्राण्यांची चित्रं नाना रंगांत दाखवावीत म्हणजे राजांचं मन रमेल. आणि लोकांना ती आवडून पुस्तकाच्या नकला होत राहतील, चित्रकाराला आणि लेखनिकाला काम मिळत राहील. म्हणजे चित्र या ग्रंथात मागाहून सजावट म्हणून आलेलं नाही, लेखकाच्या मनात ते पहिल्यापासून होतं. एका चित्रकाराला हे वाचून काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको. त्याच्या काळातली एकही सचित्र प्रत मात्र उरलेली नाही. आज हाती असलेल्या सगळ्यात जुन्या प्रती तेराव्या शतकातल्या, म्हणजे मध्ये साडेचारशेहून अधिक वर्षं गेलेली.

अरबी अक्षरं मला येत नव्हती. आमच्या भागातल्या मदरशात शिकवणाऱ्या मौलवीसाहेबांना भेटले. या पोथ्यांतून पुष्कळदा चित्राजवळ लाल शाईत मथळा असतो, तेवढा तरी वाचता यावा असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “ताई, मथळा वाचून काय होणार? वरच्या दोन ओळी वाचा. चित्र त्या ओळींचं असतं.” आणि खरंच, चित्राची चौकट मजकुराच्या मधोमध नेमक्या त्या वाक्यापाशी उघडते जिथे प्रसंग घडतो. लेखनिक जागा सोडून पुढे जायचा, चित्रकार नंतर ती भरायचा. काही प्रतींमध्ये अशा जागा आजही कोऱ्या आहेत, चित्रकार तिथपर्यंत पोचलाच नाही. ते वाक्य आधी ठाऊक असेल तर कोणता कोल्हा बोलतोय आणि कोणता ऐकतोय हे दिसू लागतं.

कागद आणला कागजीपुऱ्याहून. दौलताबादजवळच्या या गावात हातकागदाची जुनी परंपरा आहे. पोथीसाठी कागद तसाच वापरून चालत नाही, शाई पसरते. त्याला पिठाची खळ देतात, वाळवतात आणि गुळगुळीत दगडानं घोटतात. अरब कारागिरांची रीत हीच आणि आपल्याकडच्या पोथ्यांचीही. मी अकीकाचा दगड वापरला. घोटण्याचं काम कंटाळवाणं आहे, मनगट भरून येतं, पण त्याला पर्याय नाही. नीट घोटलेल्या कागदावर बोरू अडखळत नाही आणि रंग पृष्ठभागावर राहतो, आत मुरत नाही. पुढे चूक खरवडून काढायची वेळ आली तर तेही या घोटाईमुळेच शक्य होतं.

मी घेतलेलं चित्र अगदी साधं, कलीला आणि दिम्ना समोरासमोर बोलताहेत ते. खाली गवताची एक पट्टी, ठसठशीत पानांची रोपटी, बाकी सगळा कोरा कागद. ना क्षितिज, ना आकाश, ना सावली. रेघ मारायला बसल्यावर या कोऱ्या जागेची किंमत कळली. आपण आजच्या पुस्तकांत सिंहाला मुकुट घालतो, कोल्ह्याला उपरणं देतो, मागे डोंगर आणि सूर्य काढतो, आणि तरी ते प्राणी एकमेकांशी बोलताहेत असं वाटत नाही. इथे कोल्ह्याच्या अंगावर कपडा नाही, तो चार पायांचा कोल्हाच आहे. त्याचं बोलणं दिसतं ते मानेच्या कलण्यातून, कानांतून, वर केलेल्या पंज्यातून आणि मुख्य म्हणजे नजरेतून. दोघांच्या डोळ्यांना जोडणारी एक अदृश्य रेघ कोऱ्या कागदावरून जाते, आणि चित्रकारानं तिच्या आड काहीही येऊ दिलेलं नाही. रोपटी आहेत ती तोलासाठी. मला तर हे आपल्या आजच्या बहुतेक बालचित्रांपेक्षा सरस वाटतं, आणि हे मी माझी चित्रं धरून म्हणते आहे.

ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातली 1354 ची प्रत सोबत उघडी ठेवली होती. सतराव्या शतकात अलेप्पोत राहिलेल्या एडवर्ड पोकॉक या अरबीच्या पंडिताच्या संग्रहातली ती. ससा हत्तींच्या राजाला पाण्यात चंद्र दाखवतो, ते तिच्यातलं चित्र बघण्यासारखं आहे. मधल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत हात बदलला, पण प्रसंगाला लागतं तेवढंच काढायचं हा नेम सुटलेला नाही.

रंगांच्या बाबतीत एक सूचना. जुन्या चित्रकारांचे रंग म्हणजे हिंगूळ, शेंदूर, हरताळ, जंगाल, निळ्यासाठी लाजवर्द, आणि काळ्यासाठी काजळी. यातल्या हिंगुळात पारा, शेंदरात शिसं आणि हरताळात सोमल (आर्सेनिक) असतो. आपल्या पोथ्यांतही चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावत, पण घरात मुलं असताना ती खलात घोटायची माझी तयारी नव्हती. पिवळ्यासाठी पिवडी घेतली, लाल रंगासाठी गेरू. जंगालही टाळला, कारण तांब्याचा हिरवा रंग काळानुसार कागद खातो. जुन्या पोथ्यांत हिरवी पानं असतात तिथेच भोकं पडलेली दिसतात. लाजवर्द मात्र थोडा विकत घेतला. महाग आहे, पण बाभळीच्या डिंकात कालवून पहिला हात दिला तेव्हा स्क्रीनवरच्या निळ्याशी त्याचं काही नातं नाही हे लगेच कळलं. रंग भरून झाले की बाह्यरेषा पुन्हा ओढायची. चित्र जिवंत होतं ते या शेवटच्या रेषेत, त्यामुळे ती सकाळी, हात ताजा असताना ओढावी.

हे करता करता दिम्नाबद्दलचं माझं मतही बदललं. पंचतंत्रात दमनकाच्या कारस्थानामुळे संजीवक बैल सिंहाकडून मारला जातो आणि दमनक सुटतो. अरबीत त्यापुढे एक आख्खं प्रकरण जोडलेलं आहे. दिम्नावर खटला चालतो, सिंहाची आई पुढाकार घेते, साक्षी होतात आणि दिम्ना कैदेत मरतो. हे ठाऊक झाल्यावर त्याच्या ऐटीत वर केलेल्या पंज्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलं जातं.

पुढचं चित्र माकडाचं घेतलंय. आपण ती गोष्ट माकड आणि मगर म्हणून सांगतो, अरबीत मगरीच्या जागी कासव आहे. माकड त्याच्या पाठीवर बसून पाणी ओलांडतं, आणि कासव मध्येच थांबतं तो क्षण मला हवा आहे. पाठीवर बसलेल्याची आणि खाली पोहणाऱ्याची नजर एकमेकांना कशी भिडवायची, यासाठी वेगवेगळ्या प्रतींमधली तीच चौकट शेजारी शेजारी लावून सध्या बघते आहे.