पंपापाशी जमलेले मासे

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी गुहेतले आंधळे मासे घेतले, ते दिसायला गमतीदार म्हणूनच. कोल्हापूरहून सहा आणले, पाण्याची पिशवी मांडीवर धरून. कोगनोळी येईपर्यंत कंडक्टर दोनदा वाकून बघून गेला. शहापूरच्या घरात टाकी मांडली तशी आजी म्हणाली, "डोळंच न्हाईत गे ह्यास्नी, जगणार कसं?"

जगले की. पण सरांनी पहिलाच आराखडा परत केला. तुलनेला मी काळे टेट्रा, म्हणजे दुसऱ्या जातीचे डोळस मासे, धरले होते. "जातच वेगळी, मग फरक गुहेमुळे का जातीमुळे, कसं सांगशील?" खरं होतं. माझ्या माशांची, म्हणजे ॲस्टियानॅक्स मेक्सिकानसची, मजाच ती आहे: मेक्सिकोच्या नद्यांतले डोळस आणि चुनखडीच्या गुहांतले आंधळे एकाच जातीचे. त्यांचा संकर होतो, म्हणून कुठली सवय कुठल्या जनुकाबरोबर उतरते ते शोधता येतं. डोळस मासे काही मिळाले नाहीत. तुलना सोडली.

तिसऱ्या आठवड्यात सगळे मासे एका कोपऱ्यात. हवा कमी पडली समजून अर्धं पाणी बदललं, तरी तिथंच! काचेला हात लावला तेव्हा कळलं: पंप सरकून काचेला टेकलेला आणि काच थरथरत होती. पंप हलवला, मासे पांगले.

नदीत पाणी थरथरलं तर तो शिकारीही असू शकतो. गुहेत मोठे शिकारी मासे नाहीत. तिथं थरथर म्हणजे बहुधा पडलेला किडा. गुहेतल्या माशांना सेकंदाला 35 च्या आसपास कंपनांची ओढ सगळ्यांत जास्त. त्यांच्या कातडीवर, अगदी डोळ्यांच्या खोबणीवरही, कंपनं टिपणारे न्यूरोमास्ट जास्त असतात.

सर म्हणाले, "हवेसाठी जमले नसतील कशावरून?" मग पंपाची नळी काढली, त्याला आईची विणकामाची सुई बांधली, टोक पाण्यात. पाच मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद, अशा चाळीस नोंदी. मध्येच लाईट गेली, तेवढ्या बंदच्या नोंदी फुकट मिळाल्या.

तोंडी परीक्षेत "वापर नाही म्हणून डोळे गेले" असं बोलून बसले आणि लामार्कवरून (वापरानं अवयव बदलतात आणि तो बदल पिलांत उतरतो, हे त्याचं जुनं, चुकीचं ठरलेलं मत) चांगलीच झाडणी झाली. डोळे गर्भात व्हायला लागतात, पण भिंगाच्या पेशी मरतात. डोळस माशाचं भिंग बसवलं तर डोळा वाढतो, हे 2000 सालीच दाखवून झालंय. पाठ होतं, ऐनवेळी आठवलं नाही.

मासे अजून आहेत. आजी काचेवर टिचकी मारून त्यांना जेवायला बोलावते.