शेवंतीची रात्र

मार्गशीर्ष अर्धा उलटला तरी माझ्या गच्चीवरील सहा कुंड्यांपैकी दोन कुंड्यांतील शेवंतीला एकही कळी धरलेली नव्हती. सहाही कुंड्यांतील रोपे एकाच जुन्या झाडाच्या बुडातून फुटलेल्या मुनव्यांची होती, ती मी जूनमध्ये एकाच दिवशी लावली होती, आणि लाल माती, शेणखत व कोकोपीट यांचे मिश्रणही एकाच घमेल्यात कालवलेले होते. श्रावणापर्यंत दोनदा शेंडे खुडल्यामुळे सगळ्यांना फांद्याही सारख्याच फुटल्या होत्या. चार कुंड्या पिवळ्याजर्द फुलांनी वाकलेल्या आणि त्यांच्याच पलीकडे दोन नुसत्या हिरव्यागार, हे पाहून मी आधी खताला, मग पाण्याला आणि शेवटी मुळांतील किडीला दोष दिला. एक रोप उपटून मुळे तपासली, तर ती पांढरीशुभ्र आणि निरोगी निघाली.

उत्तर मिळाले ते रात्री नऊच्या सुमारास, दोरीवर राहिलेले कपडे आणायला वर गेले तेव्हा. शेजारच्या आवारात गणपतीच्या सुमारास एक नवा दिवा बसवलेला आहे, आणि त्याचा पांढरा झोत नेमका त्या दोन कुंड्यांवर पडत होता. उरलेल्या चार कुंड्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत, पूर्ण अंधारात होत्या.

शेवंती ही मोठ्या रात्रीची वनस्पती आहे. पुण्यात जूनच्या शेवटी दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो आणि डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. या दोनच तासांच्या फरकावरून शेवंती आपला ऋतू ओळखते. रात्र पुरेशी लांबली की ती पाने वाढवणे थांबवून कळ्या धरू लागते. मात्र ही रात्र सलग अंधाराची असावी लागते. मध्येच उजेड पडला, की झाडाच्या लेखी ती लांब रात्र उरत नाही आणि ते उन्हाळा असल्याप्रमाणे पालाच वाढवत राहते. हरितगृहात शेवंती पिकवणारे शेतकरी याच गुणाचा उपयोग करून घेतात. फुले लांबवायची असतील तर ते मध्यरात्री काही तास दिवे लावतात, आणि लवकर हवी असतील तर संध्याकाळीच काळे आच्छादन ओढतात. हे मी पूर्वी वाचले होते, परंतु माझ्याच गच्चीवर ते घडत असेल असे मनात आले नव्हते. ज्या रोपाला मी रोज सकाळी पाहत होते, त्याची रात्र कशी जाते याची मी कधी चौकशीच केली नव्हती, याचे मला मनापासून वाईट वाटले. त्याच रात्री दोन्ही कुंड्या ओढून टाकीच्या मागे नेल्या आणि उपटलेले रोप पुन्हा नीट लावले.

तेव्हापासून प्रत्येक झाडाला फुलण्यासाठी नेमके काय हवे आहे, याचा मी वेगळ्या नजरेने विचार करू लागले. आपल्याला वाटते की झाडाला द्यायचे ते पाणी आणि खत, परंतु बागेतील निम्मी फुले काहीतरी न दिल्यामुळे येतात. बोगनवेलीला रोज पाणी घातले तर ती नुसती फोफावते. माती कोरडी पडू दिली की मग तिचे रंग उतू जातात. (तो रंगही फुलांचा नसून फुलांभोवतीच्या पानांचा असतो, खरे फूल म्हणजे मधली ती इवलीशी पांढरट नळी.) पॉइन्सेटियाची लाल पानेही शेवंतीप्रमाणेच लांब, अखंड अंधाराची वाट पाहतात, म्हणून त्याची कुंडीही आता मी दिव्यापासून दूर हलवली आहे.

हा धडा खरे तर मला वाईच्या आत्याने फार पूर्वी दिला होता. तिने दिलेल्या फांदीपासून वाढलेल्या माझ्या मोगऱ्याला सलग दोन उन्हाळे जेमतेम फुले आली, तेव्हा ती पुण्यात आली असताना मी तिला गच्चीवर नेले. तिने बोटाने माती उकरून पाहिली आणि म्हणाली, "अगं, जरा तहान लागू दे त्याला. सारखं पाजत राहिलीस तर पालाच देईल तो." संक्रांतीच्या आसपास पाणी तोडायचे, पंधरा-वीस दिवसांनी झाड निम्म्यावर छाटायचे, उरलेली पाने हाताने ओरबाडून काढायची, आणि मग शेणखत घालून पाणी सुरू करायचे, असा तिचा क्रम आहे. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवरच येते, म्हणून हे सर्व करायचे. पहिल्या वर्षी पाने ओरबाडताना माझा हात अडखळत होता. मार्चमध्ये त्या उघड्या काड्यांच्या प्रत्येक डोळ्यातून पोपटी फूट निघाली आणि तिच्या टोकाला तीन-तीन कळ्या लागल्या. चैत्रात रोज संध्याकाळी मी त्या टपोऱ्या, अजून मिटलेल्या कळ्या खुडून ओल्या फडक्यावर ठेवते. दिवेलागणीनंतर त्या एकेक करून उमलू लागतात आणि स्वयंपाकघरापर्यंत वास येतो.

उन्हाळ्याचे बाकीचे काम कष्टाचेच आहे. गच्चीची फरशी तापते, कुंडीच्या कडा हाताला चटके देतात, आणि पाणी सूर्य वर येण्याआधीच घालावे लागते. मातीवर नारळाच्या सोडणांचा थर अंथरला की ओल बरीच टिकते. याच दिवसांत एका वर्षी बोगनवेलीच्या लोंबत्या फांदीला शिंजिराने घरटे टांगले. मादीने कोळ्याचे जाळे, वाळक्या पानांचे तुकडे आणि सालीचे कपटे विणून हाताच्या मुठीएवढी थैली केली, आणि तिच्या दारावर पावळणीसारखे लहानसे छप्पर काढले. पिल्ले उडून जाईपर्यंत मी त्या फांदीला कात्री लावली नाही, आणि त्या काळात पाणी घालतानाही वाट वाकडी करून जात असे.

मे महिन्यातील पहिला वळीव झाला की तीन-चार दिवसांत रेन लिलीच्या गवतासारख्या पात्यांतून गुलाबी फुले वर येतात. नळाचे पाणी कितीही घातले तरी ती इतक्या एकमताने फुलत नाहीत. पावसाळ्याच्या ऐन भरात मी बागेत फारसे काही करत नाही. कुंड्यांची भोके मोकळी ठेवणे आणि गोगलगायी वेचणे एवढेच काम असते. सोनटक्का आणि गुलबक्षी आपापले पाहून घेतात. प्राजक्त मात्र खाली अंगणात आहे, आणि भाद्रपदातल्या पहाटे त्याच्याखाली उभे राहण्यासाठी मी मुद्दाम लवकर उठते. फूल गळताना जवळजवळ आवाज होत नाही, तरी अगदी शांत असेल तर पानावर टेकल्याचे कळते. पांढऱ्या पाकळ्या खाली आणि केशरी देठ वर, अशीच बहुतेक फुले पडलेली असतात, आणि ओंजळीत घेतली तर काही वेळाने देठांचा रंग बोटांना लागतो.

सध्या पौष चालू आहे. एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन जवळ आले आहे आणि दरवर्षीप्रमाणे मी तेथे शेवंतीच्या नव्या जाती पाहायला जाणार आहे. मोगऱ्याचे पाणी परवापासून तोडले आहे. टाकीच्या मागे नेलेल्या त्या दोन कुंड्यांत, ज्या रोपाची मुळे मी उघडी केली होती त्यावरसुद्धा, मुगाएवढ्या हिरव्या कळ्या धरल्या आहेत. काल त्यांतील सर्वांत मोठी कळी बोटाने हलकेच वर करून पाहिली, तेव्हा तिच्या टोकाशी पिवळ्या रंगाची बारीक रेघ दिसत होती.