बैल आधी खांदा टाकते

पोळ्याची झडती, म्हणजे पोळ्याला बैलांसमोर म्हणतात ते गाणं, आबाजींच्या आवाजात रेकॉर्ड केली होती, 80 सेकंदांची. त्यावर मातीचा बैल चालवायचा, स्टॉप-मोशननं: बैल जरासा सरकवायचा, फोटो काढायचा, परत सरकवायचा. सेकंदाला 12 फोटो, म्हणजे 960. वहीत हिशेब मांडला तेव्हा आठवड्याचं काम वाटलं. लागला दीड महिना.

हा किडा डोक्यात सोडला इंग्रज गायक पीटर गॅब्रिएलच्या 1986 च्या 'स्लेजहॅमर' गाण्याच्या स्टॉप-मोशन व्हिडिओनं. त्या व्हिडिओसाठी हा बाबा काचेखाली 16 तास पडून होता म्हणे. मी भाच्याला तसंच झोपवून पाहिलं. अकराव्या मिनिटाला त्याला तहान लागली. म्हणून मग बैल.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घरात होताच, पण तो चाकांवर नुसता घरंगळतो. त्याच्याकडे बघून तारेच्या सांगाड्यावर प्लॅस्टिसिनचा (न वाळणाऱ्या तेलकट मातीचा) बनवला. आधी बांधकामाची तार वापरली, ती चार-पाचदा वाकवली की तुटते. अ‍ॅल्युमिनियमची टिकली. यवतमाळकडचा मे महिना, दुपारी बैल मान टाकायचा. मग शूटिंग रात्री, दिवसा बैल पिशवीत घालून माठाखालच्या ओल्या रेतीत. धुऱ्यावरच्या तुराट्यांची बंडी (बैलगाडी) केली, घरच्या कापसाचे ढग.

पहिले दोनशे फोटो वाया गेले. फोन ऑटोवर होता, त्यामुळे प्रत्येक फोटोत उजेड वेगळा. एक्सपोजर आणि रंग लॉक केले, शटर 1/50 सेकंदावर ठेवलं (आपली लाइट 50 हर्ट्‌झची), बल्ब इन्व्हर्टरवर घेतला, तेव्हा चित्र थरथरायचं थांबलं. आणि फोन एअरप्लेन मोडवर! मावशीच्या एका कॉलनं स्टँडवरचा कॅमेरा इतका सरकला की ती अख्खी रात्र फुकट गेली.

तरी बैल मेल्यासारखाच चालत होता. दर फोटोला पाय बरोबर तीन मिलिमीटर सरकवत होते, पट्टी लावून. आबाजी बाजेवरून बघत होते.

"काऊन वं, दिवसभर झोपतं अन् रातभर त्या बैलाले सरकवून राह्यली?"

मी स्क्रीन दाखवली. त्यांनी दोनदा पाहिलं.

"असा कोनता बैल चालते? भरली बंडी ओढतानी बैल आधी खांदा टाकते, मंग पाय. अन् निंगतानी जोर लागते, मंग आपोआप जाते."

त्या रात्री पट्टी ठेवून दिली. सुरुवातीच्या चार फोटोंत पाय जागेवरच, फक्त मान खाली आणि खांदा पुढे. मग पाय जरासा, मग थोडा जास्त, थांबताना परत कमी. ठेका पकडायला दर सहाव्या फोटोला खूर जमिनीवर. आठ सेकंद जोडून चालवले तर बैलाला वजन आलं होतं. मी एकटीच ओरडले, घरचे उठले.

पूर्ण झाल्यावर आबाजींना मोठ्या टीव्हीवर दाखवलं. स्वतःचा आवाज ऐकून लाजले. संपल्यावर म्हणाले, "बाकी बरं हाय. पन जू उजव्या खांद्याकून घसरलं हाय."

घसरलंच होतं. शेवटचे 52 फोटो परत काढले.