राजाजींची बारीक ओळ

उडप्याकडे मसाला डोसा आणि फिल्टर कॉफी झाली की बिलावरच्या बारीक ओळी वाचायची मला खोड आहे. सीजीएसटी अडीच टक्के, एसजीएसटी अडीच टक्के. एवढ्याशा रकमेसाठी कोण चष्मा पुसतं, असं घरचे म्हणतात. पण त्या ओळी दिसल्या की मला काळा चष्मा, टक्कल आणि शुभ्र खादीतले राजाजी आठवतात. चक्रवर्ती राजगोपालाचारी.

जीएसटी अर्थातच त्यांचा नव्हे. पण विक्रीवर सरसकट कर लावायचा कायदा देशात पहिल्यांदा झाला तो मद्रास प्रांतात, १९३९ साली, आणि त्या वेळी प्रांताचा कारभार राजाजींच्या हाती होता. गंमत अशी, की याच गृहस्थांनी १९३० मध्ये तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमपर्यंत पायी जाऊन मीठ उचललं होतं आणि मिठावरच्या कराविरुद्ध तुरुंगही भोगला होता.

मग हा कर कशाला? दारूपायी. ताडी-दारूच्या अबकारीवर प्रांताची तिजोरी बरीचशी चालायची आणि राजाजींना तर दारूबंदी हवी होती. ती त्यांच्या मनात आधीपासूनच होती. तिरुचेंगोडच्या आश्रमातून १९२९ साली त्यांनी ‘विमोचनम्’ नावाचं तमिळ मासिक काढलं ते दारूबंदीच्या प्रचारासाठीच, आणि त्या कामात त्यांच्या हाताशी होते पुढे तमिळ कादंबरीकार म्हणून नावारूपाला आलेले कल्की. सत्ता मिळाल्यावर १ ऑक्टोबर १९३७ला त्यांनी सुरुवात केली ती सेलमपासून. जिथे वकिली केली, नगरपालिकेचं अध्यक्षपद सांभाळलं, तो आपलाच जिल्हा. उत्पन्न बुडणार हे दिसत होतं. ते भरून काढायला विक्रीकर आला.

मला हा हिशेबीपणा आवडतो. पुण्यकर्म करायचं आणि त्याचा खर्च कुणाच्या खिशातून जाणार तेही सांगायचं, हे पुढाऱ्यांना सहसा जमत नाही. सगळेच निर्णय असे बेतशीर नव्हते म्हणा. १९३८ला शाळांत हिंदी सक्तीची केली, रान पेटलं. आणि उतारवयात तेच हिंदीच्या सक्तीविरुद्ध उभे राहिले. १९५३ला मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली. ही जातीचीच शिकवणी झाली, असा गदारोळ उठला आणि पुढच्या वर्षी मुख्यमंत्रिपदाची खुर्ची गेली. त्या बाबतीत लोकांचंच खरं होतं, असं मला वाटतं. पुढे ऐंशी ओलांडल्यावर, १९५९ मध्ये, त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला आणि लायसन-परमिटच्या राज्यावर तोंडसुख घेतलं.

आपल्याकडे बऱ्याच जणांना ते ठाऊक आहेत ते महाभारताच्या इंग्रजी पुस्तकामुळे. ते मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढलेलं. रामायणावरच्या त्यांच्या तमिळ पुस्तकाला १९५८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गव्हर्नर जनरलपद भूषवलेला माणूस कथाकार म्हणून घराघरांत पोचावा, हे भाग्य विरळाच.

दारूबंदीचं पुढे काय झालं? १९७१ साली तमिळनाडू सरकारने ती उठवली. नव्वदी पार केलेल्या राजाजींना ते बघावं लागलं. पुढच्या वर्षी, २५ डिसेंबरला ते गेले. आता तिथे दारू विकते ती टास्मॅक ही सरकारी कंपनी, आणि दारू जीएसटीच्या बाहेर आहे. दारूचं उत्पन्न बुडालं म्हणून आलेला कर डोशावर आहे, आणि दारूचं उत्पन्नही परत सुरू आहे.

वेटर सुटे पैसे शोधायला गेला की हा सगळा हिशेब मी समोरच्याला ऐकवतो. बहुतेक जण तेवढ्यात बडीशेप चघळत उठलेले असतात.