टाइट एंडचा पगार, एक रडगाणं

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघताना मला सगळ्यात जास्त कीव येते ती टाइट एंडची, म्हणजे समोरच्याला अडवायचंही आणि पासही पकडायचा असं दुहेरी काम असलेल्या खेळाडूची. आता बघा ना, एका प्लेला हा गडी लाइनच्या टोकाला टॅकलला (लाइनमधल्या कडेच्या ब्लॉकरला) खेटून उभा, समोर विरुद्ध टीमचा सव्वाशे किलोचा डिफेन्सिव्ह एंड, त्याच्या छातीत दोन्ही हात घालून पाय मारत मारत त्याला बाजूला रेटायचं, मागून बॉल घेऊन रनिंग बॅक सुसाट निघून जाणार आणि टाळ्याही त्यालाच. पुढच्या प्लेला तस्संच वाकायचं, ब्लॉक करतोय असं भासवायचं, एक धक्का द्यायचा नि सटकायचं, मागच्या डिफेंडरला, म्हणजे लाइनबॅकरला, कळेपर्यंत त्याच्या मागे जाऊन कॅच घ्यायचा. कामं दोन आणि पगार मात्र धड एकाचाही नाही.

२०१४ ची न्यू ऑर्लिन्स सेंट्स टीमचा टाइट एंड जिमी ग्रॅहमची केस तर कहरच. आदल्या सीझनला पठ्ठ्याने १६ टचडाऊन कॅच घेतलेले, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त. सेंट्सनी त्याला फ्रँचायझी टॅग लावला, म्हणजे ठरलेल्या पगारावर एक वर्ष टीमकडेच राखून ठेवला, आता टॅगचा पैसा ठरतो पोझिशनवर, तेव्हा टाइट एंडला साधारण ७ मिलियन डॉलर आणि वाइड रिसीव्हरला (मुख्य काम पास पकडायचं) १२ च्या वर. ग्रॅहम म्हणाला मी दोन तृतीयांश वेळा स्लॉटमध्ये (लाइन आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेत) नाहीतर पार बाहेर उभा असतो, मग मी रिसीव्हरच ना! वाद आर्बिट्रेटरकडे, म्हणजे लवादाकडे, गेला, आर्बिट्रेटर बरबँक यांनी यार्ड मोजले, टॅकलपासून चार यार्डांच्या आत उभा राहिलास तर तू टाइट एंडच. वर पुरावा काय, तर त्याच्या ट्विटर बायोमध्येही टाइट एंड असंच लिहिलेलं 😂 नंतर चार वर्षांचं ४० मिलियनचं काँट्रॅक्ट झालं म्हणा, पण पुढच्याच मार्चमध्ये सेंट्सनी त्याला सिएटलला ट्रेड करून टाकलं.

निकाल नियमात बसतो, मान्य. पण नियमच उफराटा आहे त्याचं काय? टाइट एंड जॉर्ज किटल घ्या, २०१८ ला कॅच घेऊन १,३७७ यार्ड, आणि वर ब्लॉकिंग असं हौसेने करतो की समोरच्याला आडवा पाडून स्वतःच हसत उठतो. त्याला एप्रिल २०२५ मध्ये वर्षाला १९.१ मिलियनचं डील मिळालं, तेव्हा टाइट एंडमध्ये हेच सगळ्यात मोठं. त्याच्या महिनाभर आधी रिसीव्हर जमार चेसला मिळाले वर्षाला ४० च्या वर. आणि चेसला डिफेन्सिव्ह एंड रेटत बस असं कुणी सांगत नाही हो.