मागच्या रांगेतला गुडघा

रविवार, पहाटेचे साडेपाच

नाटक पावणेपाचला सुटलं. घरी येऊन चूल पेटवली, पाण्याचा गंज ठेवला आणि वही घेऊन बसले. झोप येणार नाहीच. नणंदेची पोरगी आतल्या खोलीत पडली आहे, पण तीही जागीच असावी. मघापासून तिच्या कुशी बदलण्याचा आवाज येतो आहे.

काल गावात पट होता. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक, पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत हेच दिवस. २०१४ साली कोर्टानं पट बंद केले होते, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि तेव्हापासून गर्दी दुप्पट झाल्यासारखी वाटते. घरोघरी पाहुणे, लेकी माहेरी, कुठं पोरगी पाहायचा कार्यक्रम. नणंदेची पोरगी अकरावीत आहे, खास नाटकासाठी आली होती. वडशाची नाटक मंडळी येणार म्हणून आठ दिवसांपासून फोन चालू होते तिचे.

धान निघालेल्या बांधीत मंडप होता. सातलाच पोती अंथरून जागा धरली. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मध्ये दोरी. ही दोरी रात्री बारापर्यंत टिकते, मग पोट्टे कुठूनही घुसतात. म्हणून आमची बसायची रीत ठरलेली आहे. म्हाताऱ्या कडेनं, त्यांच्या आत लेकुरवाळ्या, पोरी मधोमध. हे कुणी कुणाला शिकवत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूनं माझा हात धरून मला मधल्या पोत्यावर बसवलं होतं, का ते सांगितलं नव्हतं.

काल चूक माझी झाली. मागच्या बायका दीड वाजता लेकरं घेऊन घरी गेल्या, मागची जागा मोकळी पडली, आणि मी नाटकात गुंतलेली.

दुसऱ्या अंकात पोरगी एकदम ताठ झाली. मी पाहिलं तर तिचे दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले, नजर स्टेजकडं, पण पापणी हलत नव्हती. कानाशी येऊन म्हणाली, "मामी, मांगचा पाय लावून रायला."

मी म्हटलं, "इकडं सरक."

"मी कायले सरकू? तो लावते न पाय."

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी तिची जागा घेतली आणि तिला माझ्या जागेवर ढकललं. दोन मिनिटांत तोच गुडघा माझ्या पाठीला लागला. मी अडतीस वर्षांची, दोन लेकरांची आई, अंगणवाडीत गावाची अर्धी पोरं माझ्या हाताखालून गेली. तरी माझ्या तोंडून काय निघालं? "भाऊ, पाय घ्या जरा." आधी त्याला भाऊ करायचं, मग विनंती करायची. तो म्हणाला, "गर्दी हाये न बाई." पाय हलला नाही.

तेवढ्यात माझी चुलत सासू वळली. तिच्याजवळ तीन सेलची जुनी टॉर्च असते. तिनं ती पेटवून त्याच्या तोंडावर धरली. नुसती मारून विझवली नाही, धरूनच ठेवली. त्यानं डोळ्यांवर हात घेतला, मफलर ओढला. ती हळू आवाजात विचारत होती, "कोन्या गावचा रे तू? कोनाचा पाहुना?" उत्तर नाही. "बापाचं नाव सांग." आजूबाजूच्या चारपाच बायका वळल्या. स्टेजवर गाण्याला वन्स मोअर चालू होता, त्या गोंधळात तो उठला आणि चपला हातात घेऊन गेला. सासूनं टॉर्च विझवली आणि परत नाटक पाहायला लागली.

खेड्यात "पोलीस बोलवू का" यापेक्षा "कोनाचा पाहुना" हा प्रश्न जास्त लागतो, हे मी काल पाहिलं. ज्याच्या घरी उतरला त्या घराचं नाव निघालं की सकाळी चहा घेणं मुश्कील होतं. पण हा प्रश्न विचारायला केस पांढरे लागतात. माझ्या पोरीनं विचारला असता तर सगळ्यांनी आधी तिच्याकडंच पाहिलं असतं.

नंतर नाचाचं गाणं लागलं. पोट्टे दहाविसाच्या नोटा घेऊन स्टेजपाशी गेले. एकानं नोट देताना नाचणारीचं मनगट धरायला हात पुढे केला. ती तालातच अर्धं पाऊल मागं गेली, नोट दोन बोटांच्या टोकानं घेतली, आणि गिरकी घेऊन ढोलकीवाल्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिली. हसू तसंच होतं. कुणाला कळलंही नसेल. आम्हा बायकांना कळलं, कारण ते अर्धं पाऊल आम्हा सगळ्यांच्या पायात आहे.

लघवीला जायचं तर वेगळंच. नाल्याकडं अंधार. आमच्या भागात वाघ आहे, म्हणून कुणी एकटी जात नाही. काल आम्ही चौघी गेलो तर नाल्यावर तिघं मोबाइलचा उजेड पाडत उभे होते. आम्ही मोठ्यानं खोकलो, एकमेकींना हाका मारल्या, आणि तसेच परत आलो. कितीतरी बायका नाटकाच्या दिवशी संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत.

घरी येताना पोरगी म्हणाली, "मामी, आईले नोको सांगू. पुढल्या वेळी धाडनार नाही थे मले."

मी हो म्हटलं. तेव्हापासून हेच मनात घोळतं आहे. कारण तिचं खरं आहे. मी सतरा वर्षांची असताना एक जण सायकलवरून कॉलेजपासून गावच्या फाट्यापर्यंत मागं यायचा. मी भावाला सांगितलं. भावानं त्याला मारलं, आणि माझं कॉलेज दोन महिने बंद झालं. त्या वर्षी मंडईची जत्राही नाही, नाटकही नाही. तो महिनाभरात परत फाट्यावर दिसायला लागला. मी मात्र त्यानंतर घरात काहीच सांगितलं नाही. लोकांना वाटतं बाया लाजेनं गप्प बसतात. आम्ही गप्प बसतो ते घराबाहेर पडायची वाट उघडी राहावी म्हणून.

मागे प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, विनयभंगाला कलम ७४, पाठलागाला ७८. पोलिसांचा ११२ आणि महिला हेल्पलाइनचा १८१ हे नंबर मीच अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिले. ते खोटं नाही, वेळ आली तर लावावेच. पण नंबर लावायच्या आधी घरचा प्रश्न येतो, "तू तिथं बसलीच कायले?"

चुलत सासू २०१० साली दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेली होती. तिच्या टाचांच्या भेगा तेव्हाच्याच आहेत असं ती म्हणते. मी तिला वाटेत विचारलं, तेव्हा रस्त्यावर ओरडलात, मग यासाठी कधी का नाही? ती बराच वेळ चालत राहिली. मग म्हणाली, "तवा आमी साऱ्या होतो वं. याच्यात ज्या पोरीले धक्का लागला, थे एकटीच रायते."

बुधवारी पट समितीचा हिशोब आहे. यांना सांगून मी तिथं जाणार आहे. पुढच्या वर्षी नाल्याकडं लाइट पाहिजे, बायकांसाठी आडोसा पाहिजे, आणि दोरीपाशी पहाटेपर्यंत बचत गटाच्या चार बाया बिल्ला लावून बसल्या पाहिजेत. पोरीचं नाव घेणार नाही. गुडघा माझ्या पाठीला लागला होता, मी माझंच सांगेन. यांना कसं वाटेल ते बघू.

पोरगी उठून आली आत्ता. चुलीपाशी उकिडवी बसली, हात शेकले. म्हणाली, "मामी, शेवटी थो जावई परत आला का नाही? मी पायलंच नाही."

मलाही सांगता आलं नाही. तिसरा अंक मी सगळा मागं वळून वळून काढला होता. चुलत सासूला विचारू म्हटलं, तिनं पाहिलं असेल.