पावरीतला अर्ज

संविधानाच्या सतराव्या, म्हणजे राजभाषेच्या, भागापर्यंत आमच्यातले फारसे वकील पोचत नाहीत. अनुच्छेद १४, २१, २२६ तोंडपाठ असतात. ३५० विचारला तर बार रूममध्ये सगळे एकमेकांकडे बघतात. मला तो लागला एका वनहक्क दाव्यात.

सातपुड्यातल्या एका पावरा शेतकऱ्याचा दावा उपविभागीय समितीने 'पुरावा अपुरा' म्हणून फेटाळला होता. वर दाद मागायला ६० दिवस. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली वनजमिनीवर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. याच्याकडे सातबारा नाही, वनखात्याच्या दंडाची पावतीही नाही. पण त्या कायद्याखालच्या नियम १३ मध्ये एक पुरावा गरिबाच्या हातातला आहे: दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही.

या जबाबांचं पुढे काय होतं, ते पाहून जीव तुटतो. म्हातारं माणूस पावरीत, म्हणजे पावरा लोकांच्या बोलीत, अर्धा तास बोलतं आणि टायपिंगवाला एवढंच लिहितो: 'सदर जमीन अर्जदाराच्या वडिलोपार्जित कब्जेवहिवाटीत आहे.' गावातल्या सगळ्या दाव्यांना तेच वाक्य. मग समितीचा शेरा येतो, जबाब एकसारखे असल्याने ग्राह्य नाहीत.

या वेळी शेजारच्या पाड्यावरच्या आजीचा जबाब कॉलेजात शिकणाऱ्या एका पोराने देवनागरीत, पण पावरीतच, जसाच्या तसा उतरवला. १९७२ च्या दुष्काळात दावेदाराच्या बापाने कोणत्या मोहाच्या झाडापासून नाल्यापर्यंत बांध घातला, दगड कोणी वाहिले, त्या मोहाची फुलं वेचण्यावरून कोणाकोणाचं भांडण झालं, सगळं त्यात होतं. असा जबाब कोणी बनवून देऊ शकत नाही. उलटतपासात उभा राहील असा. वर दाद मागण्याचा अर्जही मी पावरीतच लिहवून घेतला.

आवक शाखेत बाबूने कागद उलटेपालटे केले. "हाई काय लिखेल शे, ताई? मराठीत आणा." त्याची स्वतःची घरची बोली अहिराणी, आणि तरी टेबलामागे बसल्यावर दुसऱ्याची बोली त्याला भाषा वाटेना, याचा मला फार राग आला. मी अनुच्छेद ३५० समोर ठेवला: गाऱ्हाणं दूर व्हावं म्हणून संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे निवेदन देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. भाषा आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकीच हवी, अशी अट त्यात नाही. प्रकरण साहेबांपर्यंत गेलं. दुपारनंतर शिक्का बसला, पोच मिळाली.

पुढे पत्र आलं: 'अर्जाचा अर्थबोध होत नाही. प्रमाणित मराठी अनुवाद सादर करावा.'

इथेच मी अडकले आहे. अर्ज देण्याचा हक्क कलमात आहे. तो कोणी वाचायचा, उत्तर कोणत्या भाषेत द्यायचं, याबद्दल त्यात अक्षर नाही. आणि पावरीचा प्रमाणित अनुवादक आणायचा कुठून? अनुवाद टायपिंगवाल्याच्या हाती गेला, तर आजीचा मोह आणि नाला पुन्हा 'सदर जमीन' होऊन बसणार.

म्हणून मूळ जबाबाच्या शेजारी ओळीला ओळ लावून मराठी मजकूर दिला आहे, त्या पोराच्या प्रतिज्ञापत्रासह. आजीला समोर बसवून ऐका, दुभाषी ग्रामसभेने सुचवलेला घ्या, अशी मागणीही जोडली आहे. त्यावर तारीख लागायची आहे.